सासूबाईंच्या गाठीचा रिपोर्ट आणि पोरीची सोयरीक

हे बघ, आधी पोरीच्या सोयरिकीचं बोलते, सासूबाईंच्या गाठीचं मागून. तुझी झोप कशानं उडालीय ते मला कळतं. दुखणं तू निभावून नेशील, तेवढी तू खंबीर आहेस. पण त्या रिपोर्टात ‘गुणसूत्र १४ आणि १८’ असं काही निघालं, तुझ्या जेठांनी ते ओट्यावर चारचौघांत वाचून दाखवलं, आणि बघता बघता ‘त्यांच्या घराण्यातच दोष आहे’ ही गोष्ट यावलहून फैजपूरला पोचली. आता मुलाकडचे म्हणतात, दिवाळीनंतर बघू. पोरीचं रक्त तपासून घ्या, असंही कुणीतरी सुचवलं म्हणे.

तपासायचं नाही. साफ सांगते. इतकी वर्षं जळगावला लॅबमध्ये काढली ती काही नुसती रक्त ओढण्यात नाही गेली. सासूबाईंच्या रिपोर्टात जो बदल लिहिलाय, तो त्यांना आईवडिलांकडून आलेला नाही आणि त्यांच्याकडून तुझ्या नवऱ्याला, तुझ्या पोरीला गेलेला नाही. तो जाऊच शकत नाही. त्यांच्याच अंगात, त्यांच्याच हयातीत, एका पांढऱ्या पेशीत तो घडला आणि त्या एका पेशीच्या पिलावळीतच राहिला. मुलांना आईकडून जे मिळायचं ते मुलं पोटात राहिली तेव्हाच मिळून चुकलं. मानेतल्या गाठीत नंतर काय झालं त्याचा तुझ्या लेकीशी संबंध नाही.

आता हे घडतं कसं तेही सांगते. नुसतं ‘नाही हो, तसं नसतं’ म्हटलं तर तुझे जेठ ऐकायचे नाहीत, ते हिशेबाचे माणूस.

अंगात शिरणाऱ्या जंतूंच्या जातींना गणती नाही. प्रत्येकाला ओळखणारं प्रतिपिंड बनवायचं तर तेवढी जनुकं आणायची कुठून? शरीरानं त्यावर तोड काढलीय. चौदाव्या गुणसूत्रावर प्रतिपिंडाच्या जनुकाचे सुटे तुकडे ठेवलेत, आणि हाडातल्या मगजात बी पेशी नावाची प्रत्येक पांढरी पेशी तयार होताना हे तुकडे कापून, त्यातले मोजके उचलून, आपल्यापुरते जोडून घेते. म्हणून एकीची जोडणी दुसरीसारखी नसते. आपल्या अंगात स्वतःचीच जनुकं मुद्दाम कापून जोडायची परवानगी फार थोड्या पेशींना आहे, त्यातल्या या. एवढी कापाकापी रोज चालणार म्हटल्यावर कधीतरी चुकीचं टोक चुकीच्या जागी जाणारच. त्याच वेळी अठराव्या गुणसूत्रालाही तडा गेलेला असला, तर चौदाचं टोक अठराला आणि अठराचं चौदाला जुळून बसतं. रिपोर्टात ‘टी (१४;१८)’ लिहिलंय ते हेच. टी म्हणजे जागांची अदलाबदल.

अठराव्या गुणसूत्राच्या त्या जागी बीसीएल-२ नावाचं जनुक असतं. पेशीला मरू न देणं हे त्याचं काम. एरवी ते गरजेपुरतं चालतं, गरज संपली की बंद होतं. पण बी पेशीत चौदाव्या गुणसूत्रावरची प्रतिपिंडाची जागा सदाचीच चालू. आपल्या मळ्यातल्या मोटारीला लाइन ठरावीक तास असते, आणि गावठाणाची लाइन बहुतेक वेळ चालू. कुणी मळ्यातली मोटार गावठाणाच्या लाइनवर टाकली, तर मोटार तीच, विहीर तीच, पण ती आता थांबायची नाही. बीसीएल-२ चं असंच झालं. जनुकात खोट नाही, जोडणी चुकली.

ही चुकीची जोडणी घेऊन पेशी रक्तातून लसिकाग्रंथीत येते. मानेत, काखेत, जांघेत, पोटात, सगळीकडे या ग्रंथी असतात. घसा धरला की गळ्याखाली हाताला लागतात त्याच. त्यांच्या आत बारीक गोल पुंजके असतात, त्यांना म्हणायचं फॉलिकल. जंतू आला की या पुंजक्यात बी पेशींची परीक्षा सुरू होते. पेशी आपल्या प्रतिपिंडात बारीक बारीक फेरफार करून बघतात. ज्यांचं जंतूशी नीट जमलं त्या राहतात, बाकीच्यांनी मरायचं. हे मरण सोपं व्हावं म्हणून निरोगी पेशी पुंजक्यात शिरताना बीसीएल-२ बंद ठेवतात. सासूबाईंच्या त्या पेशीला ते बंद ठेवता आलं नाही. परीक्षेत नापास होऊनही ती मेली नाही. तिथेच राहिली, वाढली, आणि फेरफार करण्याची त्या जागेची सवय तर चालूच, त्यामुळे वर्षानुवर्षं तिच्यात आणखी बदल साठत गेले. म्हणून आजाराचं नाव फॉलिक्युलर लिम्फोमा.

रिपोर्टाच्या दुसऱ्या पानावर बघ, ‘सीडी-२० पॉझिटिव्ह, सीडी-१० पॉझिटिव्ह, बीसीएल-६ पॉझिटिव्ह, बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ असं लिहिलं असेल. तपासणाऱ्याला शेवटच्या शब्दात रस असतो. साध्या सुजेच्या गाठीतही पुंजके फुगतात, पण त्यांच्या मध्यभागी बीसीएल-२ चा रंग चढत नाही. इथे चढला. मग फिश तपासणीत त्यांनी चौदाला एका रंगाची आणि अठराला दुसऱ्या रंगाची खूण लावून पाहिलं. दोन्ही रंग एका जागी मिसळलेले दिसले, म्हणजे अदलाबदल पक्की. आमच्याकडून असा नमुना बाहेरगावीच पाठवावा लागायचा, पण रिपोर्ट आला की मी तो पुन्हा पुन्हा वाचायची. मला तेव्हापासून या विषयाची गोडी.

आणि गोडी लागावी असंच ते आहे गं. शिकागोत जॅनेट राऊली नावाच्या एक डॉक्टर होत्या. संसार, मुलं सांभाळून अर्धवेळ काम करायच्या. गुणसूत्रांचे फोटो कापून घरी जेवणाच्या टेबलावर मांडायच्या, मुलं म्हणायची आई कागदी बाहुल्या खेळते. फुकुहारा या जपानी संशोधकासोबत त्यांनी १९७९ साली लिम्फोमाच्या पेशींत चौदा-अठराची ही अदलाबदल नोंदवली. पुढे १९८४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांनी नेमकी ती फाटलेली जागा शोधून काढली, तिथल्या जनुकाला नाव पडलं बीसीएल-२. तोवर कॅन्सरची जी जनुकं सापडली होती ती पेशीला भराभर वाढवणारी. हेही तसंच असेल असं सगळ्यांना वाटलं. १९८८ मध्ये मेलबर्नला डेव्हिड व्हॉक्स, सुझॅन कोरी आणि जेरी अॅडम्स यांनी दाखवलं की हे जनुक पेशीला वाढवत नाही, फक्त मरू देत नाही. न मरणं हासुद्धा कॅन्सरचा एक रस्ता आहे, ही गोष्ट जगाला या गाठींनी शिकवली.

आपल्या मुंबईतही कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवून बघणारी बाई होती, पुण्याच्या कमल रणदिवे. परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ते काम सोपं नाही. गंमत बघ, फॉलिक्युलर लिम्फोमाच्या पेशी अंगात मरत नाहीत, पण अंगाबाहेर काढून बाटलीत ठेवल्या की लवकर मरून जातात. शेजारपाजारच्या पेशींच्या आधाराशिवाय त्यांचं भागत नाही. असो, मी भरकटले.

आता एक गोष्ट ऐक, आणि कुणी विचारलं तर आवर्जून सांग. चौदा-अठराची अदलाबदल झालेल्या थोड्याफार पेशी धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडतात. फार बारीक तपासणी केली तर निम्म्या किंवा त्याहून जास्त मोठ्या माणसांत, आणि वय वाढेल तशा जास्त. तुझ्यात असतील, माझ्यात असतील, ‘बघू’ म्हणणाऱ्या त्या व्याह्यांच्या रक्तातही असतील. त्यातल्या बहुतेकांना जन्मात लिम्फोमा होत नाही. कारण ही अदलाबदल म्हणजे पहिली पायरी झाली, आजार नव्हे. पुढे केएमटी-२डी, सीआरईबीबीपी, ईझेडएच-२ अशा जनुकांत बदल व्हावे लागतात. डीएनएचा कोणता भाग उघडा ठेवायचा आणि कोणता गुंडाळून ठेवायचा हे ही जनुकं ठरवतात. बहुतेक रुग्णांत त्यातलं एखादं तरी बिघडलेलं सापडतं. आता मला सांग, पोरीचं रक्त तपासलं आणि त्यात दोन-चार अशा पेशी निघाल्या, तर कोण कुणाला काय समजावणार? म्हणून म्हटलं, तपासायचंच नाही. कुठलाही शहाणा डॉक्टर ही तपासणी धडधाकट मुलीची करायला सांगत नाही.

तुझ्यापासून काही लपवत नाही. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात हा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो, असं मोठ्या पाहण्यांत आढळलंय. पण मुळात आजारच कमी, म्हणून ‘जास्त’ झालं तरी ते कमीच राहतं. आपल्याकडे तर तो पश्चिमेपेक्षाही कमी. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. नरेश आणि सहकाऱ्यांनी २००० साली २,७७३ नॉन-हॉजकिन लिम्फोमांचा हिशेब छापला, सासूबाईंचा आजार याच गटातला. त्यात फॉलिक्युलर साधारण १२.६ टक्के आणि मोठ्या पेशींचा जलद वाढणारा प्रकार ३४ टक्के निघाला. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांच्या १९९७ च्या पाहणीत फॉलिक्युलरचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. हे आकडे जेठांना दे, त्यांचं समाधान होईल.

आता फवारणीचं. हे मी फोनवर बोलले नाही, कारण तुझ्या घरी स्पीकरवर असतं सगळं.

सासूबाईंची सगळी हयात केळीत गेली. मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग, कोणत्या बागेला कधी काय मारायचं हे त्यांना तोंडपाठ. करप्याची फवारणी चालू असताना बांधावर बसून भाकर खाल्लेल्या बायका आपण दोघींनी पाहिल्यात. त्यात आपली आईही होती. फ्रान्समध्ये २००९ साली एक अभ्यास छापून आला. सव्वाशेच्या आसपास शेतकऱ्यांच्या रक्ताकडे नऊ वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांचा कीटकनाशकांशी संबंध होता त्यांच्यात चौदा-अठराच्या पेशींचं प्रमाण वर्षांबरोबर खूप वाढलेलं निघालं, आणि त्यातल्या काही पेशी पुंजक्यातून फिरून आलेल्या, एक पायरी पुढे गेलेल्या. शेतीची औषधं आणि लिम्फोमा यांच्यात पेशीच्या पातळीवर धागा दाखवणारा तो अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ मध्ये लिंडेन, म्हणजे जुनी माणसं ज्याला गॅमॅक्सिन म्हणायची, ते नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं कारण म्हणून पक्कं ठरवलं. डीडीटी आणि ग्लायफोसेट ‘बहुधा’च्या यादीत घातले. लिंडेनवर आपल्या देशात २०१३ पासून बंदी आहे. ग्लायफोसेट तणनाशक म्हणून अजून सर्रास वापरतात.

यावरून सासूबाईंची गाठ फवारणीनं झाली असं मात्र म्हणू नकोस. एका माणसाच्या गाठीवर कारणाचं नाव लिहिलेलं नसतं. शेतात कधी पाऊल न टाकलेल्यांनाही हा आजार होतो. पण पाव्हण्यांना माझा निरोप दे: पंप पाठीवर घेणाऱ्या गड्याला हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे द्यायचे, वाऱ्याच्या तोंडावर मारायचं नाही, आणि रिकाम्या डब्यात पाणी भरून ठेवायचं नाही. ते हसतील. हसू दे.

आता सासूबाईंकडे येते.

पहिलं म्हणजे हा आजार सापडला हेच नशीब. आपल्या भागात मानेला गाठ आली की सगळ्यांच्या तोंडी एकच, टीबी. आणि बहुतेक वेळा असतोही टीबीच, त्यात डॉक्टरांना दोष नाही. पण सुई टाकून काढलेल्या पाण्यात टीबीचा जंतू दिसत नाही, टीबीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह, दाणेदार सूज नाही, तरी ‘चालू करून बघू’ म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून देणं मला पटत नाही. तुझ्याकडे नेमकं तेच झालं. कुठे झालं, कुणी केलं, ते आता उगाळायचं नाही. पण शेजारणीला सांगायला हरकत नाही: टीबीच्या औषधावर गाठ दोन महिन्यांत उतरली नाही, किंवा न दुखणारी गाठ रबरासारखी लागतेय, एकीच्या चार झाल्या, तर अख्खी गाठ काढून बायोप्सी मागायची. सुईत नुसत्या सुट्या पेशी येतात. पुंजक्यांची रचना बघायची तर गाठीचा अख्खा काप लागतो. फॉलिक्युलर लिम्फोमा सुईवर ‘साधी सूज’ म्हणून सहज निसटतो, कारण त्याच्या पेशी दिसायला फार साळसूद.

दुसरं म्हणजे ‘ग्रेड १-२’. एका दृश्यक्षेत्रात मोठ्या पेशी पंधरापर्यंत मोजल्या गेल्या तर ती ग्रेड लिहितात. म्हणजे आजार संथ आहे. मघाशी सांगितलं ना, या पेशी धावत नाहीत, फक्त मरत नाहीत. त्याचाच हा परिणाम. डॉक्टर तुम्हाला म्हणाले, ‘आत्ता काही द्यायचं नाही, तीन महिन्यांनी दाखवा’, आणि घरात एकच गलका झाला, म्हाताऱ्या बाईवर खर्च नको म्हणून टाळतात की काय, मुंबईच्या बड्या दवाखान्यात न्या, शेत विका. बाई, हे टाळणं नाही. ही पद्धतच आहे. ब्रिटनमध्ये ३०९ रुग्णांचे दोन गट केले होते, कुणालाच त्रास नव्हता. एका गटाला लगेच गोळ्या सुरू केल्या, दुसऱ्याला नुसतं बघत राहिले. सोळा वर्षांच्या आसपास माग ठेवून २००३ मध्ये निकाल छापला: जगण्यात फरक नाही. वाट बघणाऱ्यांतल्या काहींना तर शेवटपर्यंत औषध लागलंच नाही, विशेषतः वयानं मोठ्या माणसांना. तेव्हा जुनी औषधं होती हे खरं, पण नवी आल्यावरही त्रास नसलेल्या माणसाला घाईनं औषध देऊन आयुष्य वाढतं असं कुणी दाखवू शकलेलं नाही.

शेत विकायचं नाही. मी मोठी आहे तुझ्यापेक्षा, एवढं ऐक.

वाट बघणं म्हणजे विसरणं मात्र नव्हे. गाठ सात सेंटिमीटरच्या वर गेली, किंवा तीन जागी तीन-तीन सेंटिमीटरच्या झाल्या, रात्री पदर भिजेल इतका घाम, कारण नसताना ताप, सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं, रक्तातल्या पेशी घटल्या, प्लीहा वाढली, की औषधाची वेळ आली. आणि सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालून बघायचं ते हे: एखादी गाठ अचानक इतरांना मागे टाकून भराभर वाढू लागली तर. वर्षाला शंभरातल्या दोन-तीन जणांत हा संथ आजार जलद प्रकारात पालटतो. तेव्हा ‘पुढच्या तारखेला दाखवू’ करायचं नाही, त्याच आठवड्यात जायचं, आणि त्याच गाठीची पुन्हा बायोप्सी मागायची.

औषधांचंही सांगून ठेवते, म्हणजे नाव ऐकून दचकणार नाहीस. रितुक्सिमॅब म्हणजे सीडी-२० ला, बी पेशीच्या अंगावरच्या त्या खुणेला, जाऊन चिकटणारं प्रतिपिंड. ज्या पेशी प्रतिपिंड बनवायच्या त्यांच्यावरच प्रतिपिंड सोडायचं. अमेरिकेत १९९७ मध्ये ते याच जातीच्या लिम्फोमासाठी मंजूर झालं आणि आजाराचं चित्र बदललं. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं २००७ मध्ये आपल्याकडे त्याची देशी आवृत्ती आणली, तेव्हापासून ते आपल्यासारख्यांच्या आवाक्यात यायला लागलं. गरजेप्रमाणे त्यासोबत केमो देतात. पण ते सुरू करण्याआधी एक गोष्ट तू स्वतः विचारायची: ‘हिपॅटायटिस बी तपासलं का?’ जुना, झोपलेला काविळीचा विषाणू या औषधानं जागा होतो आणि यकृत खराब करतो. तपासणी साध्या रक्ताची आहे, पण गर्दीत राहून जाते.

शिवाय आता आपल्या मुंबईतच आयआयटी आणि टाटा यांनी मिळून पेशींचा उपचार तयार केलाय, नेक्सकार-१९. रुग्णाच्याच टी पेशी काढतात, त्यांना बी पेशी ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंनी त्याचं उद्घाटन केलं. आजार उलटून आला, दुसरी औषधं चालेनाशी झाली तर तो रस्ता. व्हॉट्सअॅपवर त्याची चित्रफीत फिरते म्हणून सासूबाईंना आत्ताच तो द्या असा हट्ट धरू नका.

आणि बीसीएल-२ ला अडवणारी गोळी निघालीय, व्हेनेटोक्लॅक्स. तुला वाटेल, मग हीच का नाही देत? मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. ती गोळी रक्ताच्या एका दुसऱ्या कॅन्सरमध्ये फार छान चालली, आणि जिथून हे जनुक सापडलं त्या फॉलिक्युलर लिम्फोमात मात्र बेताचीच. एवढी वर्षं साठलेले बाकीचे बदल आणि शेजारच्या पेशींचा आधार तिला पुरे पडू देत नाही, असं म्हणतात.

राहिलं सासूबाईंना सांगायचं. घरात ठरलंय म्हणे, त्यांना काही कळू द्यायचं नाही. त्यांना काय समजायचं, म्हातारं माणूस, धसका घेतील. मला हे मंजूर नाही. ज्या बाईनं नवऱ्यामागे सोळा एकर केळी पिकवली, व्यापाऱ्याशी घडाच्या वजनावरून भांडली, तिला स्वतःच्या मानेत काय आहे ते समजणार नाही? आणि धसका तर त्यांनी घेतलाच असणार. त्या खोलीत आल्या की तुम्ही सगळे बोलणं थांबवता, ते त्यांना दिसत नाही का? त्यांना सांग की ही कॅन्सरचीच जात आहे, पण संथ. औषध आहे, आत्ता लागत नाही. दर तीन महिन्यांनी तपासायला जायचं. एवढं पुरे. त्या विचारतील तेवढंच पुढे सांग. रात्री घाम येतो का, जेवण जातं का, हे तुला बाहेरून कळणार नाही. ज्यांना कळतं त्यांनाच आजार माहीत नसेल तर लक्ष कोण ठेवणार?

आणि हो, मांडवात त्यांना पुढे बसव. लिम्फोमा लागत नाही कुणाला. ताटाला ताट लागलं, नातवाला मांडीवर घेतलं, काही होत नाही. तुझ्या जाऊबाईंनी त्यांचा पेला वेगळा काढलाय ना, तो उद्याच परत बाकीच्यांत ठेव. भांडण झालं तर माझं नाव सांग.

फैजपूरला फोन मी करते. मुलाची आई माझ्या ओळखीची आहे, समंजस बाई आहे. चारचौघांचं ऐकून बसलीय झालं. तिला एवढंच सांगणार, आजार आजीचा आहे, अंगातच घडलेला, पोरीच्या रक्तात उतरलेला नाही. पटत नसेल तर जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजात कुणालाही विचारा, मी सोबत येते. तरीही नको म्हणाले तर नको. अशा घरात पोरगी देऊन तरी काय करायचं?

त्यांच्याशी बोलायचं तू माझ्यावर सोड. तू कागदपत्रांचं काम कर. बायोप्सी जिथे तपासली तिथे जाऊन मेणाचे ब्लॉक आणि काचा लेखी अर्ज देऊन ताब्यात घे. ते रुग्णाच्या हक्काचे असतात. उद्या टाटाला दुसरं मत घ्यायचं झालं तर कागदी रिपोर्टावर भागत नाही, तिथले पॅथॉलॉजिस्ट त्याच गाठीचे नवे काप काढून बघतात. ब्लॉक गहाळ झाला तर म्हाताऱ्या बाईला पुन्हा चिरावं लागेल. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, मेण वितळतं. डब्यात घालून कपाटात ठेव. स्कॅनची सीडी, सगळे रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एक फाइल कर, तिच्यात रेशनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स घाल, जनआरोग्य योजनेला लागते. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला तिकिटात सवलत असते, त्याचा छापील नमुना दवाखान्यातूनच भरून घ्यावा लागतो, तोही मागून ठेव. टाटाला जायचं ठरलं की मला आधी कळव. मी भुसावळला गाडीत चढते, रात्रीच्या गाडीनं पहाटे दादरला उतरू. सासूबाईंसाठी दशम्या मी करून आणते, तू नुसतं त्यांचं पांघरूण घे.